शेवटची पायरी आधी

ये गं शलाका, जवळ ये. तू तिकडे पुण्यात आणि मी इकडे डहाणूजवळ आगरला, तरी तू माझ्या ओट्यावर पाय सोडून बसली आहेस असं धरूनच मी लिहितेय. परवा फोनवर काय म्हणालीस, आठवतं? "कुंदामावशी, तुमच्या संस्थेच्या ह्या प्रोग्राममध्ये पुढे जायच्या कामापेक्षा मागे यायचंच काम जास्त लिहून ठेवलंय. कोण होता हे लिहिणारा माणूस? निम्मं काढून टाकू या." समोर असतीस तर कान धरला असता तुझा. काम हातात घेऊन दोन महिने झाले नाहीत आणि लगेच काढून टाकू या! कोण होता म्हणून विचारलंस ना? मग ऐक आता. मध्ये बोलायचं नाही.

हरेश्वर त्यांचं नाव. आम्ही हरूभाई म्हणायचो. मूळचे इथल्याच सरावलीचे. मुंबईत कुठल्याशा कंपनीत वर्षानुवर्षं कॉम्प्युटरचं काम केलं, बायको गेल्यावर मुलीला घेऊन गावच्या घरी परत आले. उंच, किंचित वाकलेले, अंगात कायम इस्त्रीचा अर्ध्या बाह्यांचा शर्ट. चहा बशीत ओतायचे, पण बशी तोंडाला लावायच्या आधी कप रिकामा झाला का ते बघायचे. एकदा मी विचारलं, "असं काय बघता?" म्हणाले, "गरम लागला तर परत ओतायला जागा हवी ना?" हा असा माणूस. लग्नाचं बोलावणं आलं तरी पहिला प्रश्न, "आणि नाहीच जमलं तर कुणाला कळवायचं?" बोलावणाऱ्याचं तोंड एवढंसं व्हायचं. संस्थेतली पोरं त्यांच्या मागे एकमेकांना म्हणायची, "आणि फसलं तर?" आणि खिदळायची. हरूभाईंना ते ऐकू यायचं. तेही हसायचे.

आता संस्थेचं काम तुला आकड्यांत माहीत आहे, डोळ्यांनी तू पाहिलेलं नाहीस. बागायतदार वाडीतनं चिकू उतरवून आणतो. आम्ही बायका लहान-मोठा निवडतो, खोक्यांत भरतो. मग गाडी लागते, गाडी सुटते, बिल होतं, बागायतदाराच्या मोबाईलवर निरोप जातो. मी शाळा अर्ध्यावर सोडलेली, पण त्या खोलीत बसून बसून कॉम्प्युटर शिकले, एका बोटाने का होईना. तेव्हा जुना प्रोग्राम होता. तो पुढेच जायचा. एकदा दिल्लीची गाडी ठरली, प्रोग्राममध्ये 'माल रवाना' असं पडलं, आणि गाडी काही आली नाही, वाटेत बंद पडली. खोकी शेडमध्ये थप्पी लावून उभी. दुसरी गाडी दारात येऊन थांबली, पण प्रोग्राम त्या खोक्यांना हात लावू देईना. त्याच्या लेखी ती गेलेली! ऑफिसातले साहेब पुण्याला फोन लावतायत, मुंबईला लावतायत. चिकू काही थांबत नाही गं कुणासाठी. दुपारपर्यंत शेडमध्ये वास सुटला. आमच्यातली जानीबाय, तलासरीकडची, जिभेला हाड नाही, ती साहेबांच्या कॉम्प्युटरकडे बोट करून मोठ्याने म्हणाली, "ह्याचा डबा म्हणतं माल दिल्लीला गेला, न् माश्या तं सगळ्या हितंच हायेत!"

त्यानंतर संस्थेने हरूभाईंना बोलावलं.

त्यांनी आल्या आल्या कॉम्प्युटरला हात लावला असेल असं तुला वाटेल. छे! चार दिवस नुसते शेडमध्ये स्टुलावर बसून होते. मग एक दिवस म्हणाले, "बायांनो, खेळ खेळू या." आम्हाला ओळीने उभं केलं. जानीबाय म्हणजे माल उतरवणं, मी निवडणं, पुढची खोकी भरणं, त्यापुढची गाडी, तिच्यापुढची बिल. एक करंडी हातोहात पुढे द्यायची. त्यांनी टाळी वाजवली की काहीतरी फसलं असं समजायचं आणि करंडी मागे यायची. पण कशी, तर जिच्या हातात शेवटी आली तिने आधी आपलं काम उलटं करायचं. बिलवालीने बिल रद्द केलं, तरच गाडीवालीने गाडी रद्द करायची, मगच खोकीवालीने खोकी मोकळी करायची. "शेवटची पायरी आधी," ते ओरडून सांगायचे, "मधल्या कुणी उडी मारायची नाही!" पहिल्यांदा खेळलो तेव्हा सगळ्या एकमेकींच्या अंगावर. करंडी जमिनीवर, चिकू भिंतीपर्यंत गडगडत गेले.

"सर," जानीबाय म्हणाली, "माझ्यापोत आलं ना की मी काय करू? झाडाला जाऊन परत लावू?"

आम्ही हसून हसून बसलो खाली. हरूभाई मात्र हसले नाहीत. स्टुलावर बसले, चष्मा काढला. म्हणाले, "नाही लावता येणार. काही पायऱ्या उलट्या होतच नाहीत. तिथे उलटं करायचं नाही, भरून काढायचं." आणि तिथेच ठरलं, की गाडी चुकलेला माल प्रोग्रामने आपोआप चिकू वाळवणाऱ्यांकडे वळवायचा, मऊ पडायच्या आत. आज तू बघतेस ना ती 'सुकवणी' म्हणून पायरी, जी तुला अगदी अनाठायी वाटली, ती ही.

त्यांचा प्रोग्राम सुरू झाला, आम्ही पेढे खाल्ले आणि पहिल्याच पावसाळी हंगामात त्यांच्याच हातून चूक झाली. एका वाडीचा माल परत करायचा होता. निरोप गेला सगळ्यांना. 'आपला माल नाकारला आहे.' इकडे डहाणूपासून तिकडे झाईपर्यंत सगळ्या बागायतदारांच्या मोबाईलवर एकदम. साहेब म्हणाले, दुसरा निरोप पाठवा, चुकून गेला म्हणून. हरूभाईंनी तो पाठवला. मग म्हणाले, "कुंदाताई, स्कूटरवर बसायची भीती नाही ना?"

घरोघर गेलो आम्ही. मी मागे पदर सावरून बसलेली. झाईला एक म्हातारे काका, अर्धी गुजराती अर्धी मराठी बोलणारे, झोपाळ्यावरून उठलेच नाहीत.

"सवारमां, सकाळी सकाळी आला तुमचा मेसेज. नाकारला! मी सगळा माल फेरीवाल्याला देऊन टाकला. आता तुम्ही सांगता भूल झाली?"

"हो. माझ्या हातून झाली."

"तर मग आणा माझे चिकू परत."

"ते नाही आणता येणार, काका."

"मग आलात कशाला एवढे लांब?"

हरूभाई उभेच होते. म्हणाले, "दिवसभर तुम्हाला वाटत राहिलं असेल, की आपला माल खराब निघाला. तो खराब नव्हता. हे तोंडाने सांगायला आलो."

काकांनी पायाने झोपाळा थांबवला. मग माझ्याकडे बोट करून, "अने ही बेन कोण? साक्षीदार आणलाय का बरोबर?" आणि आत हाक मारून पाणी मागवलं. येताना स्कूटरवर हरूभाई म्हणाले, "ताई, गेलेला निरोप कुणालाच परत ओढता येत नाही. त्याच्या मागून दुसरा न्यावा लागतो, आणि तो स्वतः न्यावा लागतो." मी म्हटलं, "हो हो, समोर बघा, म्हैस आलीये."

त्यानंतर मी त्यांच्याकडे अधूनमधून जायला लागले, कालवण घेऊन. बोंबलाचं केलं की त्यांना आवडायचं. घर मोठं आणि वावर दोन खोल्यांत. मांडणीवर एकच ताट वापरातलं, बाकीची पालथी. रेडिओ सतत चालू, पण ऐकत कुणी नाही. मुलीबद्दल मी विचारायची नाही. गावाला माहीत होतंच, मलाही माहीत होतं. केतकी तिचं नाव. तिने पलीकडे गुजरातेतल्या उंबरगावचा मुलगा स्वतःच पसंत केला, सगळं ठरवून झाल्यावर बापाला सांगितलं. मुलगा चांगला होता, घर चांगलं होतं. ह्यांना लागलं ते हे, की आपल्याला शेवटी सांगितलं. त्या भरात म्हणाले, "मग इथलं तुझं संपलं." झाईच्या हॉलमध्ये लग्न झालं, हे गेले नाहीत. तिची खोली रिकामी केली, तिथे कॉम्प्युटर मांडला. तिची शिवणाची मशीन, कपाट, पुस्तकं टेम्पोत घालून तलासरीला आपल्या बहिणीकडे पाठवून दिली. उंबरगाव इथून किती लांब गं? गाडीत बसलं की शेंगा संपायच्या आत येतं. तीन वर्षं दोघांपैकी कुणी त्या गाडीत बसलं नाही.

एक दिवस मी कालवण घेऊन गेले, तर दारात टेम्पो. हरूभाई आणि टेम्पोवाला मिळून शिवणाची मशीन उतरवत होते.

"काय हे?" मी म्हटलं.

"केतकीची. तलासरीहून आणली."

"केतकी येतेय?" माझा जीव केवढा हरखला!

"अजून नाही. अजून वेळ आहे त्याला," म्हणाले. "शेवटी सामान पाठवलं होतं ना मी? तर आधी सामान परत. मग खोली. मग लग्न. मग ते बोललो ते."

मला आधी कळेचना. कळलं तेव्हा हातातला डबा खाली ठेवला. "अहो हरूभाई, ती तुमची मुलगी आहे! फोन उचला आणि बोला. मशीन मागाहून येईल."

"क्रम मोडला की अर्धं सुटतं आणि अर्धं अडकून बसतं, ताई. मी तिला ये म्हणायचं, आणि ती आली तर तिची खोलीच नाही? सामान नाही? मग माझ्या म्हणण्याला अर्थ काय?"

त्यांचं म्हणणं खोटं होतं असं मला आजही म्हणता येत नाही. म्हणून तर त्या दिवशी मशीनला हात लावायला गेले मी.

खोलीला फार दिवस लागले. कॉम्प्युटर ओटीवर आला. भिंतीला पूर्वी होता तोच पिस्ता रंग हवा, आणि तसा डहाणूत मिळेना. मशीनला तेल दिलं. पडदे कुठले होते ते आठवेना तर बहिणीला विचारायला तलासरीला दोनदा जाऊन आले. बहीण मला नंतर म्हणाली, "मी बोलले त्याला, दादा, उंबरगावला जा. तर मला म्हणतो, पडद्यावर फुलं होती की पानं?"

आणि मग लग्न. ते कसं उलटं करणार? त्यावर हरूभाई आठवडाभर विचार करत होते. एका दुपारी मला म्हणाले, "ताई, झाईला येता? एकट्याने बरं दिसणार नाही." गेलो. हॉलला कुलूप नव्हतं, राखणदार आत झोपला होता. उठून म्हणाला, "बुकिंग? तारीख कुठली पाहिजे?"

"होऊन गेली ती," हरूभाई म्हणाले.

राखणदाराने माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "भाऊ, थोडा वेळ बसू दे आम्हाला." त्याने बिचाऱ्याने पंखा लावला. हरूभाईंनी भिंतीकडच्या चळतीतनं एक खुर्ची काढली, माझ्यासाठी एक काढली, स्टेजच्या समोर पहिल्या रांगेत ठेवली. रांग कसली, दोनच खुर्च्या. "नवरी कुठल्या बाजूला उभी असते?" विचारलं. राखणदाराने दाखवलं. ते त्या बाजूला बघत बसले. नवा शर्ट घातला होता, घडी अजून उमटलेली. मग खिशातनं कागदाची पुडी काढली. त्यात अक्षता होत्या. उठले, आणि त्या रिकाम्या जागेवर टाकल्या. सावकाश, तीन वेळा.

"ओ काका," राखणदार म्हणाला, "झाडणार कोण आता ते?"

"केरसुणी कुठे आहे?" हरूभाईंनी विचारलं, आणि वाकून सगळे तांदूळ स्वतः गोळा केले. मी तोंडावर पदर धरला होता. हसू येत होतं म्हण, रडू येत होतं म्हण, माझं मलाच सांगता आलं नसतं.

एवढं सगळं झाल्यावर, एका रविवारी, उंबरगाव. मला म्हणाले, बाहेर ओट्यावर बसा. मी बसले. खिडकी उघडी होती आणि मी काही बहिरी नाही. केतकीने दार उघडलं, हाताला पीठ.

"बाबा?"

हरूभाई बसले नाहीत. उंबऱ्यातच उभं राहून म्हणाले, "इथलं तुझं संपलं, असं मी म्हटलं होतं. ते चूक होतं. मी ते मागे घेतो."

तिने हाताचं पीठ झटकलं. मग ती म्हणाली, "आत तरी या." चहा झाला. मलाही आत बोलावलं. आणि हरूभाईंनी तिला सगळं सांगितलं. मशीन आणली, रंग मिळाला, पडद्याला पानं होती, हॉलमध्ये जाऊन आलो. सांगताना चेहरा असा फुललेला, कामाचा हिशेब लागलेल्या माणसासारखा. केतकी आधी हसायला लागली. मग रडायला लागली.

"तुम्ही हे सगळं करत बसला होतात, बाबा? पहिलं वर्ष मी फोन उशाशी घेऊन झोपायचे. माझी खोली नसती ना, तरी मी ओटीवर निजले असते. एक फोन केला असतात तर त्याच गाडीने आले असते मी."

"मग आता?"

ती कपाचा टेबलावर पडलेला ओला गोल बोटाने पुसत होती. पुसला, परत पुसला. "आता इथलं सगळं लागलंय, बाबा. सासूबाईंचं दुखणं आहे, माझं शिवणाचं दुकान आहे. तिथे कधी एकदा येते असं मला तेव्हा वाटायचं, आता तशी ओढच राहिली नाही. रागावलेली नाहीये हो मी. येईन. बघू."

येताना गाडीत हरूभाई खिडकीशी बसले होते. म्हणाले, "येईन म्हणाली."

"बघू पण म्हणाली," मी म्हटलं. मला राहवलं नाही.

"ते ऐकलं मी."

तुला माहीत असेलच, त्यांच्या प्रोग्राममध्ये प्रत्येक पायरीला थांबायची मुदत आहे. गाडीवाल्याचं उत्तर आलं नाही, व्यापाऱ्याचा होकार आला नाही, तर अमुक इतकं थांबायचं आणि सोडून द्यायचं, नाहीतर एकाच्या पायी सगळे ताटकळतात. मी विचारलं, "मग हरूभाई, इथे मुदत किती?"

बाहेर बघत म्हणाले, "इथे नाही घातली."

दर रविवारी ते सकाळपासून घरी राहायला लागले. संस्थेत रविवारी बोलावलं तर यायचे नाहीत, कधी नव्हे ते. केतकीचे फोन यायचे, ते मला सांगायचे, काय जेवली, दुकानात काय आलं. बोलणं सुरू झालं होतं दोघांचं, चांगलं बोलायचे. यायचं तेवढं राहत होतं. ह्या महिन्यात सासूबाई, पुढच्या महिन्यात कुणाचं लग्नाचं शिवण. खोटं नव्हतं त्यातलं काही. थंडीत त्यांच्या छातीत दुखायला लागलं, बहिणीने तलासरीला नेलं आणि ते तिथेच गेले. केतकी शेवटच्या दर्शनाला पोचली. नंतर सरावलीचं घर बघायला आली तेव्हा किल्ली माझ्याकडे होती, मीच खोली उघडून दिली. ती मशीनपुढे बसली. चाक हाताने एकदा फिरवलं, अगदी हलकं फिरलं ते. "तेल घातलंय," म्हणाली. मी म्हटलं, "हो, दर रविवारी." मग पडदा सारखा केला तिने आणि म्हणाली, "पानं नव्हती गं मावशी. चौकडी होती."

पण मला ते आठवतात ते त्याच्या थोडे आधीचे. मी शेअर रिक्षात बसून स्टेशनहून येत होते, पुढची बाई सरावलीला उतरायची होती म्हणून रिक्षा त्यांच्या घरासमोर जरा थांबली. रविवारच होता. ऊन कलतीला. हरूभाई फाटकाच्या आत खुर्चीवर, इस्त्रीचा शर्ट, मांडीवर पेपर. तेवढ्यात एक मोटार आली, गुजरातच्या नंबरची, आणि त्यांच्या फाटकाशी हळू झाली. ते उठले. एवढ्या चटकन उठताना मी त्यांना कधी बघितलं नव्हतं, पेपर खाली पडला. फाटक पार भिंतीपर्यंत उघडलं त्यांनी, मोटार आत येईल एवढं. मोटारवाल्याने काच खाली करून महालक्ष्मीच्या देवळाचा रस्ता विचारला. हरूभाईंनी सांगितला, हाताने दाखवत, नीट, पुढचं वळण चुकलं तर कुठून परत यायचं तेही सांगितलं. मोटार गेली. ते तिच्या धुळीत थोडे उभे राहिले, मग पेपर उचलला, खुर्चीवर जाऊन बसले. फाटक तसंच उघडं ठेवलं. माझी रिक्षा सुटली.

तर असा होता तो माणूस, बाई. आता तुला काय काढायचं ते काढ, काय ठेवायचं ते ठेव, ते काम तुझं आहे, मी त्यात बोलणार नाही. पण तू अजून आमची शेड पाहिली नाहीस, जानीबायच्या शिव्या ऐकल्या नाहीस, माझ्या हातचं खाल्लं नाहीस. घरात मी एकटीच असते गं, संध्याकाळी खाडीवरचा वारा येतो आणि बोलायला कुणी नसतं. ह्या आठवड्यात जमलं तर ह्याच आठवड्यात ये. कळवलं नाहीस तरी चालेल. भात जास्तच लावते मी.